मानेला हात नको

जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब उचलायची रीत ठरलेली आहे: पडदा छातीकडे, तळहात पडद्याच्या कडांखाली, मागची निमुळती मान बाहेरच्या बाजूला. पकडायला सोयीची वाटते मानच, म्हणून शिकाऊ पोराचा हात आधी तिकडे जातो आणि उस्तादाची शिवी खातो. पडद्याची काच चांगली जाड, मानेची अगदीच पातळ. आत निर्वात पोकळी. बाहेरून हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने रेटते. २१ इंची ट्यूबच्या नुसत्या पडद्यावर हा भार टनाच्या वर जातो. मान मोडली तर बहुतेक वेळा हवा फुस्सकन आत शिरते आणि ट्यूब बाद होते. पण मोठ्या भागाला तडा गेला तर काच आधी आत कोसळते, मग खोलीभर उडते. पडद्याभोवती घट्ट पोलादी पट्टा आला तो १९६०च्या दशकात. त्याआधीची ट्यूब हाताळताना गॉगल, जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. तिथे शहाणपणा दाखवू नये.

करंटचं प्रकरण वेगळंच. ट्यूबच्या काचेला आतून-बाहेरून ग्राफाइटचा काळा लेप असतो, त्यामुळे ती आपोआप कपॅसिटर बनते. प्लग काढल्यावरही रंगीत ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. बाहेरच्या लेपाला जोडलेली वायर रबरी टोपीखालच्या खिळीला टेकवून चार्ज उतरवतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा उतरवतात, कारण काचेत मुरलेला चार्ज परत वर येतो. झटक्याइतकीच भीती असते दचकून हातातली ट्यूब सुटण्याची.

इतकं जपूनही काही ट्यूब जाग्यावरच मरतात. अमेरिकेत १९५४ साली आरसीए कंपनीने हजार डॉलरला विकलेल्या सीटी-१०० या रंगीत संचातली १५जीपी२२ ट्यूब यासाठी बदनाम आहे. तिचे काचेचे दोन भाग धातूच्या कड्याने जोडलेले. त्या सांध्यातून वर्षानुवर्षं हवा झिरपत राहते. संग्राहक संच विकत घेताना आधी काचेच्या आतला बेरियमचा चंदेरी डाग पाहतो. हवा लागून तो पांढरा पडला असेल तर सौदा तिथेच संपला, निदान ट्यूबपुरता.

अशी ट्यूब जिवंत करता येते: मान कापायची, तिच्यातली इलेक्ट्रॉन गन काढून नवी बसवायची, भट्टीत तापवत हवा ओढून घ्यायची. हे काम करणारा अमेरिकेतला शेवटचा कारखाना, आयोवातला हॉक-आय, २०१०मध्ये बंद पडला. त्याची यंत्रं ओहायोतल्या अर्ली टेलिव्हिजन म्युझियमने घेतली. कसब मात्र यंत्रांबरोबर ट्रकमध्ये भरून नेता येत नाही.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. त्या काळातले लाकडी कपाटातले संच अजून काही माळ्यांवर असतील. तुमच्याकडे एखादा असेल तर भंगारवाल्याला दारात ट्यूब फोडू देऊ नका. रंगीत ट्यूबच्या मागच्या काचेत तर शिसंही असतं. संच अख्खाच ई-कचरा केंद्रात द्या.