मुखवट्यामागचा माणूस

राक्षस कोणाला म्हणायचे, हा प्रश्न आमच्या समाजाला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहून देव-दैत्यांच्या कथा हरलेल्यांच्या बाजूने वाचावयास शिकविले. हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला होता, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्याच अमेरिकेतील एक राक्षसपट आम्ही अलीकडे घरच्या मंडळींसह पाहिला आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

चित्रपटाचे नाव ‘गारगॉईल्स’. सीबीएस या अमेरिकन वाहिनीने तो 21 नोव्हेंबर 1972 रोजी दाखविला. थिएटरसाठी नव्हे, खास टेलिव्हिजनसाठी काढलेला हा चित्रपट. पैसा बेताचा, लांबी अवघी 74 मिनिटे. न्यू मेक्सिको राज्यातील उजाड माळरान आणि कार्ल्सबादच्या प्रसिद्ध गुहा हाच त्याचा देखावा. राक्षसांचे पोशाख रबरी आहेत हे लगेच कळते. आमच्या घरातील मुले तर पहिल्याच हल्ल्याला खो-खो हसली.

गारगॉईल म्हणजे युरोपातील जुन्या चर्चच्या छपरावर पावसाचे पाणी बाहेर टाकण्यासाठी कोरलेले भेसूर दगडी तोंड. आपल्याकडच्या गोमुखाचा तो कुरूप भाऊ म्हणा ना! ही तोंडे खऱ्या प्राण्यांवरून कोरलेली होती, अशी कल्पना करून कथा रचली आहे. डॉ. बोली हे मानववंशशास्त्राचे अभ्यासक आपल्या मुलीला, डायनाला, घेऊन वाळवंटात येतात. एका म्हाताऱ्याच्या खोपटात त्यांना चमत्कारिक सांगाडा सापडतो. रात्री खोपटावर हल्ला होतो, म्हातारा मरतो, खोपट जळते. पोलीस पकडतात कोणाला? तर त्या भागात मोटारसायकली उडवीत फिरणाऱ्या पोरांना! ज्यांचे कोणी नाही त्यांना आधी कोठडी, ही रीत तिकडेही आहे तर.

पुढे राक्षसांचा नायक डायनाला गुहेत पळवून नेतो. आणि तेथे करतो काय? पुस्तके उघडून तिला वाचून दाखवावयास लावतो. माणसांनी काय लिहून ठेवले आहे ते त्याला शिकावयाचे आहे. ‘शिका’ म्हणणाऱ्या बापाची आम्ही लेकरे. पुस्तकावर वाकलेले ते शिंगाचे डोके पाहून आमचे मन त्याच्याकडे ओढले गेले. मुलांचे हसूही तेथे थांबले. त्याने मुलीला पळविले हा अपराधच आहे, तो आम्ही झाकीत नाही. पण आळवक यक्ष प्रश्न विचारू लागला तेव्हा तथागतांनी त्याला उत्तरे दिली होती. येथे राक्षसाला उत्तर मिळते ते आगीचे. त्याच्या वंशाची अंडी गुहेतच जाळली जातात.

हा राक्षस साकारला आहे बर्नी केसी या कृष्णवर्णीय नटाने. 1939 साली जन्मलेले केसी आधी सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या संघांतून अमेरिकन फुटबॉल खेळले. खेळत असतानाच चित्रकलेची उच्च पदवी मिळविली. चित्रे काढली, कविता लिहिल्या. असा हा चतुरस्र माणूस! त्याचा चेहरा रबराखाली झाकला, येथवर ठीक आहे, राक्षसाचे सोंग म्हटले की मुखवटा आलाच. पण त्याचा आवाजही ठेवला नाही. राक्षसाच्या तोंडी जे संवाद ऐकू येतात ते विक पेरिन या दुसऱ्याच नटाचे. आणि चित्रपटाच्या आरंभी हे प्राणी म्हणजे सैतानाची पिलावळ, अशी जी कथा सांगितली जाते, तिचे निवेदनही याच पेरिन यांचे. म्हणजे आरोप करणारा आवाज आणि आरोपीचा आवाज एकच! जोतीरावांनी पोथ्या-पुराणांत जे दाखवून दिले, त्याचाच हा नकळत घडलेला नमुना आम्हांस वाटला.

ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच वर्षी मुंबईत अमेरिकेतील ब्लॅक पँथरच्या नावावरून आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली. नको म्हणून दूर लोटलेल्या माणसाने आपला चेहरा आणि आपला आवाज घेऊन उभे राहावे, हीच त्या मुलांची मागणी होती.

मुखवटे करणाऱ्यांचे मात्र चीज झाले. डेल आर्मस्ट्राँग, एलिस बर्मन आणि स्टॅन विन्स्टन यांना 1973 चे एमी पारितोषिक मिळाले. यांतील विन्स्टन पुढे ‘ज्युरासिक पार्क’च्या डायनासोरांमुळे जगभर गाजले. केसी यांनीही नंतर अनेक चित्रपटांत स्वतःच्या चेहऱ्याने आणि आवाजाने कामे केली. 2017 साली ते वारले.

शेवटी राक्षस आपल्या जखमी मादीला कवेत घेऊन उडून जातो. “आता तो कुठे राहील?” धाकट्याने विचारले. तोवर पडद्यावर नावे येऊ लागली होती. त्यांतले बर्नी केसी हे नाव आम्ही मुलांना मोठ्याने वाचून दाखविले.