सेरिनचा एक ऑक्सिजन

ॲस्पिरिन रक्तात फार काळ टिकत नाही. साधारण वीस मिनिटांत तिचं प्रमाण निम्म्यावर येतं. तरी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला ७५ मिलिग्रॅमची एक गोळी दिवसभर पुरते. औषध निघून जातं आणि परिणाम मागे राहतो, तो कसा?

प्लेटलेट्समध्ये सायक्लोऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम असतं. प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटवणारं थ्रॉम्बॉक्सेन त्याच्यामुळे तयार होतं. या एन्झाइमच्या आतल्या अरुंद वाटेवर सेरिन हे अमिनो आम्ल आहे आणि त्याच्या टोकाशी एक ऑक्सिजन. ॲस्पिरिन जवळ आली की हा ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉनची जोडी पुढे करतो आणि तिचा ॲसिटिल गट स्वतःवर ओढून घेतो. वाट कायमची बुजते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे नवं एन्झाइम घडवणं तिला जमत नाही. आठ-दहा दिवसांचं आयुष्य ती तशीच काढते. १८९७ साली बायर कंपनीत फेलिक्स हॉफमननं हा ॲसिटिल गट सॅलिसिलिक आम्लाला जोडला, तेव्हा यातलं काहीही कुणाला माहीत नव्हतं. ॲस्पिरिन नेमकं काय अडवते, हे जॉन वेननं १९७१ मध्ये दाखवलं.

आयबुप्रोफेन त्याच वाटेत शिरतं, पण बंध न जोडता नुसतं बसतं आणि काही तासांनी उठून जातं. गुडघेदुखीसाठी ते आधी घेतलं, तर ॲस्पिरिनला सेरिनपर्यंत पोचताच येत नाही आणि तोवर तिची वेळ संपते. गोळ्यांचा क्रम चुकला म्हणून हृदयाचं संरक्षण कमी होऊ शकतं, हे कागदावर इलेक्ट्रॉनचा प्रवास सांगणारे दोन बाण काढून दाखवता येतं.

असे बाण काढायला सेंद्रिय रसायनशास्त्रात शिकतात. अमेरिकेत बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत जाण्याआधी पदवीला हा विषय घ्यावा लागतो आणि बऱ्याच मुलांचं डॉक्टर होण्याचं स्वप्न तिथेच अडखळतं. २०१५ पासून तिथल्या एमकॅट या प्रवेश परीक्षेत जीवरसायनशास्त्राचं वजन वाढलं. काही महाविद्यालयांनी सेंद्रियची अटही सैल केली. डॉक्टरला दवाखान्यात संयुगं बनवायची नसतात, हा आक्षेप खराच आहे. पाठ केलेल्या अभिक्रियांच्या याद्यांबद्दल मलाही प्रेम नाही. पण इलेक्ट्रॉन कुठून निघून कुठे जातात हे बघण्याची सवय काढून घेतली, तर जीवरसायनशास्त्र म्हणजे नुसती नावं उरतील. आपल्याकडे नीटच्या १८० प्रश्नांत रसायनशास्त्राचे ४५ असतात. त्यासाठी केलेली पाठांतरं परीक्षेनंतर विसरली जातात. बाण कसे काढायचे ते समजलं असेल, तर ते राहतं.

कारण तेच सेरिन पुन्हा पुन्हा भेटतं. पेनिसिलिनमध्ये चार अणूंचं कडं असतं, वाकवून धरलेल्या कामटीसारखं ताणलेलं. जिवाणूची भिंत विणणाऱ्या एन्झाइममधल्या सेरिनचा ऑक्सिजन त्यावर आदळतो, कडं फुटतं आणि पेनिसिलिन त्यालाच चिकटून बसतं. भिंत अर्धवट राहते, जिवाणू फुटतो.

मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशकंही सेरिनलाच गाठतात. हे सेरिन मज्जातंतूंचा संदेश थांबवणाऱ्या ॲसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइममधलं. त्याच्या ऑक्सिजनवर कीटकनाशकातला फॉस्फरस बसला की संदेश थांबत नाहीत: लाळ, घाम, आकसलेल्या बाहुल्या, शेवटी श्वास. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा वापरात असलेल्या कीटकनाशकांत मोनोक्रोटोफॉसही होतं. अशा रुग्णाला ॲट्रोपिन तर द्यावंच लागतं, पण ते फक्त लक्षणं आवरतं. पीएएम या उताऱ्याचं इंजेक्शन वेगळ्या हेतूनं बनवलेलं आहे. त्याच्या रेणूतला ऑक्सिजन सेरिनच्या ऑक्सिजनपेक्षा जोमानं फॉस्फरसवर झेपावतो आणि त्याला सोडवून आणतो. रुग्णांमध्ये याचा किती फायदा होतो, यावर डॉक्टरांत अजून वाद आहे. त्या वादाचं एक कारणही रसायनशास्त्रातच आहे. फॉस्फरसवरचा एक गट हळूहळू गळून पडतो आणि मग तो बंध पीएएमला तुटत नाही. मोनोक्रोटोफॉससारख्या विषांत हे काही तासांतच घडतं, आणि शेतातून दवाखान्यापर्यंत येण्यातही तासच जातात.