समुद्राखालच्या खाणी, जगभर पांगलेली घराणी

ऑस्ट्रेलियातला कुणी आपल्या खापरपणजोबांचा माग काढत इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात पोचला, तर त्याने दप्तरं नंतर चाळावीत, आधी तिथला दगड पाहावा. घराणी का पांगली, याचं कारण त्यातच आहे.

सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीखाली शिलारस घुसला आणि थंड होऊन त्याचा ग्रॅनाइट झाला. भेगांमधून कढत पाणी वर चढलं आणि जाताजाता कथील, तांबं तिथेच ठेवून गेलं. या शिरा किनाऱ्यापाशी थांबत नाहीत. मग माणसं तरी कशी थांबणार? लेव्हंट खाणीचे बोगदे समुद्रतळाखाली दीड किलोमीटरहून जास्त आत गेले होते. शेजारच्या बोटॅलॅकमध्ये वादळाच्या दिवशी डोक्यावर समुद्रातले धोंडे गडगडताना ऐकू येत, आणि खाली माणसं घण मारत असत! वर, उघड्यावर, बायका-मुली हातोड्यांनी खनिज फोडत. जनगणनेच्या वह्यांत कोवळ्या पोरींच्या नावापुढेही हा धंदा नोंदलेला सापडतो.

१८६६ मध्ये तांब्याचा बाजार कोसळला. काही खाणी खोल जाऊन कथिलावर तगल्या, पुष्कळशा बुडाल्या. घरं रिकामी होऊ लागली. स्थलांतर आधीपासून होतंच, आता त्याचा लोंढा झाला.

१८५१ पासूनच्या जनगणनेत प्रत्येकाचं जन्मस्थान असतं, आणि माझ्या मते वंशावळ शोधणाऱ्यासाठी सगळ्यात बोलका रकाना तोच. थोरला कॅम्बोर्नचा, मधली मेक्सिकोत जन्मलेली, शेंडेफळ दक्षिण ऑस्ट्रेलियातलं, असं एखादं परतलेलं कुटुंब हाती लागलं, की बापाची सगळी भटकंती पोरांच्या जन्मगावांवरून उलगडते.

ही वाट भारतातही आली. केजीएफ हे नाव आपल्याकडे सिनेमाने गाजवलं. पण १८८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणी जॉन टेलर अँड सन्स या लंडनच्या कंपनीने हाती घेतल्या, तेव्हा खोल खाणकामातले जाणकार आले ते कॉर्नवॉलमधूनच.

खुद्द कॉर्नवॉलमधली शेवटची कथिलाची खाण, साउथ क्रॉफ्टी, १९९८ मध्ये बंद पडली. २००६ मध्ये युनेस्कोने इथल्या खाणींच्या मुलखाला जागतिक वारसा ठरवलं. मेक्सिकोतल्या रिअल देल मोंते गावाला मात्र असल्या शिक्क्याची गरज पडली नाही. खाणकामगार डब्यात नेत ती कॉर्निश पेस्टी तिथे आजही ‘पास्ते’ म्हणून खपते, सारणात मिरची घालून.