विश्लेषण : प्रमाणपत्राने शिक्षक ‘तंत्रस्नेही’ होतो का?

शाळेत स्मार्ट टीव्ही आला, प्रोजेक्टर आला. पण त्याचा वर्गात नेमका उपयोग कसा करायचा, हे शिक्षकाला कोण शिकवणार? यवतमाळसारख्या जिल्ह्यात त्याचे उत्तर केवळ ऑनलाइन अभ्यासक्रमात मिळत नाही.

नियम काय सांगतो?
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी देणे अपेक्षित आहे. विषय त्याने आपल्या आवडीनुसार निवडावा. कार्यशाळा आणि ऑनलाइन घटक असे दोन्ही मार्ग धोरणात आहेत.

प्रशिक्षण कोण देते?
राज्य पातळीवर पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, जिल्ह्यात ‘डाएट’ आणि त्याखाली गट व केंद्र अशी रचना आहे. केंद्र सरकारचा ‘निष्ठा’ कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. करोनाकाळात, ऑक्टोबर २०२० पासून तो ‘दीक्षा’वर ऑनलाइन आला. अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर हा त्यातील एक घटक आहे.

मग अडचण कुठे?
शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत ६० पर्यंत विद्यार्थी असतील, तर शिक्षक दोनच. त्यातील एक प्रशिक्षणाला गेला, की सगळे वर्ग दुसऱ्याच्या अंगावर. म्हणून मोबाइलवरचे प्रशिक्षण सोयीचे ठरते. पण व्हिडीओ संपला, प्रश्न सोडवले, तास भरले, तरी वर्गात काय बदलले हे प्रमाणपत्रावरून कळत नाही. शिवाय जिल्ह्यातील १६ तालुक्यांत वर्ग सारखे नाहीत. झरी जामणीच्या पोडावरचे मूल घरी कोलामी बोलते, पुसदच्या तांड्यावरचे गोरमाटी. राज्यभरासाठी एकच तयार केलेला व्हिडीओ या मुलांपर्यंत कसा पोहोचवायचा, हे त्या शिक्षकालाच ठरवावे लागते.

खरी कसोटी कोणती?
युनेस्कोच्या २०१८ च्या आराखड्यात शिक्षकांसाठी तीन टप्पे आहेत : तंत्रज्ञान समजून घेणे, त्याचा सखोल वापर करणे आणि त्यातून नवे घडवणे. प्रमाणपत्र बहुधा पहिल्याच टप्प्यावर थांबते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, तो तिसरा टप्पा. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले.

काय करता येईल?
केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर वेळी एका शिक्षकाने वर्गात केलेला प्रयोग दाखवावा. उदाहरणार्थ, मुलांच्याच आवाजात कोलामी-मराठी शब्द फोनवर ध्वनिमुद्रित करून केलेला छोटा बोलका शब्दकोश. इतरांनी तो महिनाभर आपापल्या वर्गात करून पाहावा आणि पुढच्या बैठकीत काय जमले, काय फसले ते मोकळेपणाने सांगावे. ‘दीक्षा’वरील साहित्य नेटवर्क असेल तिथे डाउनलोड करून शाळेत ऑफलाइन वापरता येते. ५० तासांतले काही तास अशा कामासाठी धरले, तर प्रशिक्षणाचा हिशेब वर्गातल्या मुलांपर्यंत पोहोचेल.