घाम, तहान आणि मेंदू

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील हर्णे हे बंदर सुवर्णदुर्गाच्या सान्निध्यामुळे इतिहासात जसे प्रसिद्ध आहे, तसेच ते मासळीच्या लिलावामुळे कोकणात सर्वपरिचित आहे. दिवस कलू लागला की नौका किनाऱ्याकडे वळतात, बैलगाड्या पाण्यात उतरतात आणि ओल्या वाळूवर मासळीचे ढीग लागून लिलावाचा पुकारा सुरू होतो. या गर्दीत बोली कोठे थांबवावी, हे मासळी घेणाऱ्या स्त्रीला क्षणार्धात ठरवावे लागते. तांडेलाचे लक्ष भरती-ओहोटी, वारा, खडक आणि खलाशी या सर्वांकडे एकाच वेळी असावे लागते. ही सारी कामे मेंदूची आहेत. आणि ती अशा वेळी करावयाची असतात, की जेव्हा शरीर सकाळपासून घाम गाळीत आलेले असते.

हर्णे येथे भारतीय हवामान खात्याची वेधशाळा आहे. तेथील कमाल तापमानाचे आकडे विदर्भातील माणसाला सौम्य वाटतील. परंतु शरीर थंड होते ते घाम आल्यामुळे नव्हे, तर तो वाळल्यामुळे. किनाऱ्यावरील हवा बाष्पाने भरलेली असते. घाम वाळत नाही, नुसताच ओघळतो, आणि शरीर अधिकाधिक घाम काढीत राहते. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. साठ किलो वजनाच्या खलाशाच्या दृष्टीने हे वजनाच्या दीड टक्क्याहून अधिक झाले.

एवढ्याशा घटीने मेंदूचे काय होते, हे पाहण्याचे साधन गेल्या काही दशकांतच उपलब्ध झाले. एम. आर. आय. या नावाने परिचित असलेले यंत्र वस्तुतः पाण्याचेच चित्र काढते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या शरीरातील हायड्रोजनच्या अणूंकडून येणारे संकेत ते टिपते, आणि हे अणू मुख्यत्वे पाण्यात असतात. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या पद्धतीने प्रसिद्ध केलेले पहिले चित्र बारीक काचनळ्यांतील साध्या पाण्याचेच होते! या कार्याबद्दल त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असल्याने या यंत्राला तो विशेष स्पष्ट दिसतो.

जर्मनीतील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना सोळा तास पाणी अथवा अन्य पेय दिले नाही. त्यांच्या मेंदूचे आकारमान सरासरी ०.५५ टक्क्याने घटलेले आढळले. पाणी प्यायल्यानंतर ते पुन्हा भरून आले. अर्धा टक्का म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. परंतु निरोगी माणसाचा मेंदू वार्धक्यात वर्षभरात जेवढा आक्रसतो, साधारण तेवढीच ही घट आहे. म्हणूनच स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे चित्र वाचताना तो त्या दिवशी उपाशी-तहानलेला होता काय, याचा विचार व्हावा असे या संशोधकांनी सुचविले. पाण्याअभावी मेंदू सुकतो, अशी भीती घालणारी वाक्ये अलीकडे कानी पडतात. त्यांत अर्धेच सत्य आहे. आकारमानातील ही घट तात्पुरती असते.

याहून अधिक विचार करावयास लावणारा प्रयोग लंडन येथे झाला व २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा निरोगी किशोरवयीन मुलामुलींनी दीड तास व्यायाम केला. एकदा साध्या कपड्यांत आणि एकदा घाम कोंडून धरणाऱ्या पोशाखात. दुसऱ्या वेळी त्यांचे वजन सरासरी दीड टक्क्याहून थोडे अधिक घटले. ज्यांचे वजन अधिक घटले, त्यांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्याही अधिक रुंदावल्या. त्यानंतर त्यांना योजनापूर्वक सोडवावयाचे एक कोडे देण्यात आले. कोड्याची उत्तरे पूर्वीइतकीच बरोबर आली. मात्र मेंदूच्या पुढील व वरच्या भागांत, जेथे योजना आखली जाते व लक्ष स्थिर ठेवले जाते, तेथील हालचाल वाढलेली दिसली. तेच काम करण्यास मेंदूला अधिक झटावे लागले, असा अर्थ संशोधकांनी लावला.

दहा मुलांवरील प्रयोगावरून सर्व मानवजातीचा निर्णय करू नये, हे खरे. तरी त्याचा रोख ध्यानात घेण्याजोगा आहे. शाळेतील तिसऱ्या प्रहरी मुलगा गणित बरोबर सोडवितो, तांडेल नौका सुखरूप आणतो; त्यावरून शरीरात पाणी पुरेसे आहे असे समजता येत नाही. चूक दिसू लागण्यापूर्वीच मेंदूवरील भार वाढलेला असतो.

मग तहान कशासाठी? मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग रक्तातील क्षारांचे प्रमाण सतत मोजत असतो. ते एक-दोन टक्क्यांनी वाढताच मूत्रपिंडांना पाणी राखण्याचा आदेश जातो आणि तहान लागते. व्यवस्था उत्तम आहे. परंतु ती जेव्हा सूचना देते, तेव्हा घट होऊन गेलेली असते. शिवाय दोन घोट पोटात जाताच, ते पाणी रक्तात मिसळण्यापूर्वीच, तहान शमल्यासारखी वाटते. कामाच्या घाईत असलेला माणूस तेथेच थांबतो. वृद्धांमध्ये तर तहानेची जाणीवच मंदावते.

घट फार वाढली आणि उष्णतेचे नियंत्रणच कोलमडले, तर उष्माघात होतो. त्यात बोलण्यात विसंगती, भ्रम, बेशुद्धी ही मेंदूची लक्षणे उमटतात. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात झालेल्या समारंभानंतर दहाहून अधिक माणसे दगावली. खारघर हेही कोकणातच, खाडीच्या दमट हवेत वसलेले आहे.

पाण्याबरोबर घामातून मीठही जाते, ही बाब अनेकदा विसरली जाते. खूप घाम गेल्यावर केवळ साधे पाणी अतोनात प्यायल्यास रक्तातील क्षार विरळ होऊन पाणी मेंदूच्या पेशींत शिरते व मेंदूला सूज येते. कवटीत तिला जागा नसल्याने हा प्रकार तहानेपेक्षाही घातक ठरू शकतो. कोकणातील मीठ घातलेली तांदळाची पेज आणि कोकमाचे सरबत यांची योग्यता येथे कळून येते. जुलाब वा उष्म्याने क्षीण झालेल्या माणसासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ हे घरगुती प्रमाण आहे. आरोग्य केंद्रात मिळणारी पाकिटे त्याहून अधिक खात्रीची. मात्र भ्रम वा बेशुद्धी असल्यास तोंडाने काही न देता अंग ओले करून, वारा घालून रुग्णालय गाठावे.

पाणी पिण्याचा उपदेश करणे सोपे आहे. बाजारात दिवसभर बसणाऱ्या स्त्रिया आणि वरच्या वर्गातील मुली पाणी मुद्दामच कमी पितात, कारण जवळपास स्वच्छ, दार लागणारे शौचालय नसते. कोकणात पावसाळ्यात उदंड बरसणारे पाणी उतारावरून समुद्रास मिळते आणि मे महिन्यात अनेक वाड्यांची भिस्त टँकरवर असते. तेव्हा घरातील स्त्री प्रथम स्वतःच्याच पाण्यात काटकसर करते. केरळमधील काही शाळांनी २०१९ पासून मुलांनी पाणी प्यावे म्हणून दिवसातून ठराविक वेळी घंटा देण्यास आरंभ केला. आपल्या शाळांतही ही घंटा देता येईल, परंतु तिच्या आधी मुलींच्या शौचालयात पाणी आले पाहिजे. लिलावाच्या जागेजवळ पिण्याच्या पाण्याचा नळ आणि स्त्रियांसाठी शौचालय, तसेच नौका निघताना बर्फाबरोबर माणशी पुरेसे पाणी चढले की नाही याची तांडेलाकडून नोंद, ही कामे ग्रामपंचायत व मच्छीमार सहकारी संस्था यांच्या आवाक्यातील आहेत.