अभ्यासक्रम जूनचा, हंगाम दिवाळीचा

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन मिळायला हवं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातलं मूल दिवाळीच्या आसपास आईबापांबरोबर गाव सोडतं आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततं. पाच महिने असे गेले की २०० पैकी साधारण १०० दिवस, म्हणजे ४०० तास हातचे जातात. चौथी संपेपर्यंत पुऱ्या दोन इयत्तांचं शिकणं बुडालेलं असतं.

त्यातही घात असा, की दरवर्षी पुस्तकाचा उत्तरार्धच सुटतो. पुढच्या जूनमध्ये मूल वरच्या वर्गात बसतं आणि तिथला पहिला धडा त्या न शिकलेल्या उत्तरार्धावरच उभा असतो. अशा मुलाला कच्चं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

सोयी आहेत. हंगामी वसतिगृहाच्या योजनेत मूल गावात आजी-आजोबांकडे राहून शिकतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा योजनेत राज्यातल्या ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहं ठरली. प्रत्येकी १०० जागा धरल्या तर ८,२००. पण पहिली-दुसरीचं लेकरू आई मागे ठेवत नाही आणि थोरल्या मुलीला कोपीवर, म्हणजे तोडणीच्या जागच्या तात्पुरत्या झोपडीवर, धाकट्या भावंडाला सांभाळायला नेलं जातं. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यातली पुरुषांची साक्षरता सुमारे ८६ टक्के होती, स्त्रियांची ६८. ही दरी रुंदावणारं एक कारण या कोपीत आहे.

म्हणून बदल अभ्यासक्रमाच्या मांडणीत हवा. वाचन, स्थानिक किंमत, गुणाकार-भागाकार यांचा गाभा जून ते ऑक्टोबरमध्ये आणि उरलेला विस्तार नंतर, असा क्रम लावता येतो. परतलेल्या मुलांसाठी एप्रिलमध्ये उजळणी ठेवता येते. उदाहरणंही त्यांच्या जगातली घ्यावीत. २०२४च्या करारात ३४ टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला. एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीनं, दोन टन ऊस तोडला तर किती रुपये झाले आणि त्यातून मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल किती फिटली? हे गणित सोडवणारी चौथीतली मुलगी मुकादमाची वहीही वाचू शकेल.

भाषेचा प्रश्न वेगळाच. बंजारा तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं, शाळेत मराठी ऐकतं. तोडणीची टोळी कर्नाटकात गेली तर जवळची शाळा कन्नड. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ शक्यतो मातृभाषेतून शिकवायला सांगतं. निदान पहिलीत तरी गोरमाटी शब्दांना वर्गात जागा हवी.

अभ्यासक्रम ठरवणं राज्याच्या शैक्षणिक प्राधिकरणाकडे आहे. शैक्षणिक वेळापत्रक ठरवण्याचं काम मात्र त्याच कायद्याच्या कलम ९ नं स्थानिक प्राधिकरणाकडे सोपवलं आहे आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारीही त्याच कलमात आहे. या दोन्ही तरतुदी एकत्र वाचून बीड जिल्ह्यातल्या ११ तालुक्यांसाठी हंगामाशी जुळणारं वेळापत्रक आखायला जिल्हा परिषदेनं येत्या जूनचीही वाट पाहू नये.