दूरच्या लक्ष्याचा वेध

बंदुकीतून सुटलेली गोळी सरळ रेषेत जाते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नव्हे. नळीबाहेर पडताच गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढू लागते. लहान रायफलीची गोळी ५० मीटर अंतर सुमारे ०.१६ सेकंदात कापते व तेवढ्यात जवळजवळ १२ सेंटिमीटर खाली येते. उड्डाणाचा काळ दुप्पट झाला, की ही घट चौपट होते. परंतु ती नियमबद्ध असल्याने नेम धरण्याचे साधन योग्य मापाने वर-खाली करून भरून काढता येते.

वारा व नेमबाजाचा हात मात्र असा नियम पाळीत नाहीत. नळी एका अंशाच्या साठाव्या भागाइतकी ढळली, तरी ५० मीटरांवर दीड आणि ३०० मीटरांवर सुमारे नऊ सेंटिमीटरांची चूक होते. म्हणून नवशिक्याने शिक्षकाच्या देखरेखीखाली, १० मीटरांवर, हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलीपासून आरंभ करावा. श्वास क्षणभर रोखून घोडा हळुवार दाबण्याची सवय तेथेच जडते.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल स्पर्धेत गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभे राहून नेम साधीत कांस्यपदक मिळविले. या स्पर्धेतील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर रुंद असते. दूरचा वेध घेण्याचे सामर्थ्य जवळच्या अचूकतेतूनच वाढत जाते.